थायरॉईड आणि 'टेन्शन'

माझी आई रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी घेते. तिला हाशिमोटो थायरॉईडायटिस आहे. मी बंगळूरला हॉस्टेलवर आलो त्याच वर्षी त्याचे निदान झाले. तेव्हापासून नातेवाईक सरसकट म्हणतात, "पोरगा लांब गेला, त्या टेन्शनने हिला थायरॉईड झाला." हे ऐकून कोणत्या कॅडेटला बरे वाटेल? म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आईचे रिपोर्ट वाचले आणि परत आल्यावर बायोलॉजीच्या सरांना गाठले.

थायरॉईड हे मुळात आजाराचे नाव नव्हे, गळ्यातल्या फुलपाखरासारख्या ग्रंथीचे आहे. जपानचे डॉ. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या अशा ग्रंथींत पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली पाहिली. पहारेकऱ्याने आपल्याच माणसाला शत्रू समजावे, तसा हा प्रकार. ग्रंथी हळूहळू निकामी होते. ग्रेव्हज आजारात उलटे घडते. तिथे अँटिबॉडी ग्रंथीला सतत चिथावतात आणि हार्मोन जास्त बनते.

पहारेकरी चुकतो का? इथे आनुवंशिकता येते. एचएलए जनुके शत्रूची ओळख पटवण्याच्या कामात असतात, तर सीटीएलए-४ हे जनुक हल्ल्याला ब्रेक लावते. यांचे काही प्रकार वारशाने आले की धोका वाढतो. आमच्या घरात आजी आणि मावशी दोघींनाही हाच त्रास आहे, हे मात्र टेन्शनवाल्यांच्या लक्षात येत नाही! तरी जनुके म्हणजे सर्व काही नव्हे. डेन्मार्कमधल्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ग्रेव्हज असेल तर दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्केच निघाले.

मग ताण? ग्रेव्हजच्या बाबतीत संशय रास्त आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील डेन्मार्कमध्ये अतिसक्रिय थायरॉईडचे रुग्ण वाढले होते. हाशिमोटोचे तसे नाही. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी रुग्णांच्या नात्यातल्या स्त्रियांचा काही वर्षे पाठपुरावा केला, पण ताण आणि थायरॉईडच्या अँटिबॉडी यांचा संबंध आढळला नाही. शिवाय या अँटिबॉडी लक्षणांच्या कितीतरी वर्षे आधीच रक्तात असू शकतात. मला सर्वात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. दमणूक, उदासी, विसराळूपणा ही हार्मोन कमी पडल्याची लक्षणे आहेत. म्हणजे ज्याला घरचे टेन्शन म्हणतात, तो कित्येकदा आजारच असतो.

२०१३ मध्ये आपल्या देशातील आठ शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बंगळूर, मुंबई आणि गोवाही होते. प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांची थायरॉईड मंद होती आणि जवळजवळ २२ टक्क्यांच्या रक्तात अँटी-टीपीओ अँटिबॉडी होत्या. या सगळ्यांची मुले काही हॉस्टेलला नसतात.

पालकांनो, गोळी पाण्याबरोबरच घ्यावी आणि चहा निदान अर्ध्या तासाने. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर चार तासांचे अंतर ठेवावे. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात, कारण त्याआधी आकडा स्थिर होत नाही. आईची पुढची तपासणी जानेवारीत आहे.