हो-नाहीच्या नोंदी आणि शेजारची गावे

रक्ताच्या थेंबात जंत आहेत की नाहीत, याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. पण अशा नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. शेजारच्या गावांची झाडी, पाणी आणि माशा सामाईक असतात. एका गावात रोग जास्त असला की जवळच्या गावातही तो जास्त सापडण्याचा संभव वाढतो. संख्याशास्त्रात याला अवकाशीय सहसंबंध म्हणतात. तो दुर्लक्षित राहिला तर तीच माहिती पुन्हा पुन्हा मोजली जाते आणि निष्कर्ष वाजवीपेक्षा पक्के वाटू लागतात.

यात किती जिवांचा प्रश्न असतो, हे कॅमेरूनमध्ये दिसले. काळ्या माशीमुळे पसरणाऱ्या आणि माणसाला आंधळे करणाऱ्या ऑन्कोसर्कायसिसवर आयव्हरमेक्टिन हे गुणकारी औषध आहे. मर्क कंपनीने १९८७ पासून ते मोफत देऊ केले. मात्र तिथल्या जंगलपट्ट्यात लोआ लोआ नावाचा आणखी एक जंत आढळतो. तो कधीकधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना चक्क दिसतो. त्याच्या सूक्ष्म अळ्या रक्तात मिलिलिटरमागे ३०,००० हून अधिक असलेल्या माणसाला आयव्हरमेक्टिन दिल्यास मेंदूला इजा होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून जिथे २० टक्क्यांहून अधिक लोकांना ही लागण असेल, तिथे औषध वाटण्याआधी विशेष खबरदारी घ्यायचे ठरले.

ही रेषा गावात ओळखणे सोपे नाही. ५० जण तपासले आणि १० जणांत अळ्या सापडल्या, तरी गावातले खरे प्रमाण १० टक्क्यांपासून ३० च्या वरपर्यंत कुठेही असू शकते. न तपासलेल्या गावांचे तर काहीच हाती नसते.

पीटर डिगल, जोनाथन टॉन आणि राणा मोयीद यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत इथे उपयोगी पडली. टक्केवारी ० ते १०० मध्येच राहते, म्हणून लागण असण्याचे नसण्याशी गुणोत्तर काढून त्याचा लॉगरिदम घेतात. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची आणि उपग्रहाने टिपलेली हिरवाई यांचा परिणाम बसवतात. लोआ लोआ पसरवणारी क्रायसॉप्स माशी झाडीत वाढते. तरीही जो फरक उरतो, त्यासाठी प्रत्येक जागेला एक अदृश्य आकडा मानतात. जवळच्या जागांचे आकडे बरेचसे सारखे असतात आणि अंतर वाढेल तसे ते साम्य ओसरते. किती किलोमीटरांत ओसरते, हे नोंदींवरूनच ठरवायचे. या पद्धतीचा खरा जीव इथे आहे, कारण तपासलेली गावे याच धाग्याने न तपासलेल्या गावांबद्दल बोलतात.

अदृश्य आकडे सरळ सूत्रातून निघत नाहीत. संगणक नोंदींशी जुळणारे हजारो संभाव्य नकाशे तयार करतो. त्यांतल्या किती नकाशांत एखादे ठिकाण २० टक्क्यांच्या वर गेले, हे मोजले की तिथे मर्यादा ओलांडली गेल्याची शक्यता मिळते. कॅमेरूनचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला नकाशा असाच शक्यतांचा आहे. सरासरी टक्केवारीच्या नकाशापेक्षा तो अधिक प्रामाणिक आहे. शक्यता ० च्या किंवा १ च्या जवळ असेल तिथे निर्णय घेता येतो. मधल्या पट्ट्यात आधी तपासणी पथक पाठवावे लागते.