ट्रेलर, ॲव्हरेज आणि काजळीची चाळणी

अमेरिकेच्या ग्रामीण भागात ‘पिकअप’ गाडीवाचून पान हलत नाही. मागे घोड्यांचा ट्रेलर, होडी नाहीतर गवताचे भारे जोडून ती शेकडो मैल जाते. अशा डिझेल पिकअपच्या मालकांची एक जुनी तक्रार आहे : २००७ च्या नियमांमुळे धुराच्या नळीत ती चाळणी आली आणि गाडीचं ॲव्हरेज गेलं; ट्रेलर लावला तर विचारूच नका! एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाल्यावर आपल्याकडच्या बहुतेक नव्या डिझेल गाड्यांतही हीच चाळणी आली. तेव्हा ही तक्रार तपासून पाहायला हवी.

चाळणी म्हणजे सिरॅमिकचं मधमाश्यांचं पोळंच. त्यातली एक नळी मागून बंद, तर शेजारची पुढून. त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून पार व्हावं लागतं आणि काजळी अलीकडेच अडकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. म्हणजे जी काजळी पूर्वी मागून येणाऱ्याच्या छातीत जात होती, ती आता डब्यात साठते. मग तिचं करायचं काय? तर ती जाळायची.

जाळण्याच्या दोन तऱ्हा आहेत. धूर अडीचशे ते चारशे अंशांपर्यंत तापलेला असला, की त्यातल्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे काजळी आपोआप, हळूहळू जळते. याला जादा डिझेल लागत नाही. धूर एवढा तापलाच नाही आणि चाळणी भरत आली, तर गाडीतला संगणक थोडं डिझेल मुद्दाम उशिरा सोडतो. ते चाळणीच्या आधीच्या उत्प्रेरकात जळतं, उष्णता सहाशे अंशांच्या आसपास जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत काजळीची राख होते. तेवढा वेळ डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा धाडकन खाली येतो. तो पाहूनच मालक चाळणीच्या नावाने बोटं मोडतात.

गंमत अशी, की ट्रेलर ओढताना ही दुसरी तऱ्हा उलट कमी लागते. भाराखाली काजळी जास्त निघते हे खरं, पण इंजिन तापलेलं असल्याने ती वाटेतच जळते. चाळणी तुंबते ती रिकाम्या, दोन-चार मैलांच्या फेऱ्यांनी आणि गाडी उभ्या-उभ्या चालू ठेवल्याने. ओल्या लाकडाची चूल धुमसते, तसाच हा प्रकार.

मग रिकामी असताना लिटरला सात-आठ किलोमीटर जाणारी पिकअप जड ट्रेलरमागे चार-साडेचारवर का येते? वजन आणि चढ आहेतच, पण मोठा चोर आहे हवा. उंच, सपाट तोंडाचा ट्रेलर म्हणजे वाऱ्यापुढे उभी केलेली भिंत. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०५ किलोमीटरऐवजी १२० ने गेलात, तर तो सुमारे तीस टक्क्यांनी वाढला! डिझेल वाचवायचं असेल तर ते इथे वाचेल.

तरीही अनेकांनी चाळणी कापून टाकली. तिथल्या स्वच्छ हवा कायद्याने हे निषिद्ध आहे. पण २०२० मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने काढलेल्या अंदाजानुसार, सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधली प्रदूषणरोधक यंत्रणा काढून टाकली गेली होती. मागच्या गाडीतल्या मुलाने तो धूर का घ्यावा, याचं उत्तर मात्र यातल्या कुणी दिल्याचं ऐकिवात नाही.

चाळणीची निगा फार अवघड नाही. सफाई चालू असताना इंजिन वारंवार बंद करू नये. काही इंजिनांत न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. त्या वेळी गाडी वाळक्या गवतावर उभी करू नये, आग लागू शकते. ऑइल कमी राख करणारंच घालावं, कारण काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही. ती साठत जाते आणि पुढे कधीतरी चाळणी उतरवून साफ करावी लागते.

आपल्याकडे भाजीपाला घेऊन दिवसभर शहरातल्या गल्ल्यांत फिरणाऱ्या पिकअपला हा त्रास अधिक संभवतो. चाळणीचा दिवा लागला, तर आधी गाडीचं माहितीपुस्तक उघडावं. अनेक गाड्यांत एवढंच सांगितलेलं असतं, की मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं न थांबता गाडी चालवा. दिवा तरीही विझला नाही, तर मात्र गॅरेज गाठावं.