सोशल मीडिया आणि सायबर छळ : इंदूरच्या संदर्भात
इंटरनेटद्वारे एखाद्या व्यक्तीची बदनामी करणे वा तिला धमकावणे म्हणजे सायबर छळ होय. जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' या ॲपवर मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे लावून त्यांचा खोटा लिलाव मांडण्यात आला. याप्रकरणी जानेवारी 2022 मध्ये इंदूरमधून एका तरुणाला अटक झाली. त्याच महिन्यातील 'बुल्ली बाई' प्रकरणाच्या आरोपींत 18 ते 21 वर्षांचे तरुणही होते. सोशल मीडियावर छायाचित्र सहज मिळते, खोट्या नावामुळे भीती उरत नाही आणि 'शेअर'मुळे बघे वाढतात. म्हणून सांवेर रोडच्या कारखान्यांत राबणाऱ्या पालकांनीही मुलींना सांगावे की, पुरावा जपून ठेवावा व राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. लाज छळणाऱ्याला वाटावी, पीडितेला नव्हे.