आपोआप वाजणारा पियानो आणि रांगणारं मूल

पियानो हे मुळात दणकट वाद्य. त्याच्या दोनशेहून अधिक तारांचा एकत्रित ताण सुमारे 18 ते 20 टन भरतो आणि तो पेलायला आत बिडाची चौकट बसवलेली असते. दोन वर्षांच्या मुलाने दोन्ही मुठींनी पट्ट्या बडवल्या तरी त्याचं फारसं काही बिघडत नाही. पण तोच पियानो आपोआप वाजणारा, म्हणजे प्लेअर पियानो असेल, तर गोष्ट बदलते. त्याची नियंत्रणपेटी बहुधा पट्ट्यांच्या फळीखाली लटकवलेली असते आणि ती जागा नेमकी लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर येते. वीजपुरवठ्याचा डबा आणि तारांचे जुडगेही तिथेच. मोठ्या माणसाला वाकल्याशिवाय जे दिसत नाही, ते रांगणाऱ्या मुलाच्या अगदी डोळ्यांसमोर असतं.

जुन्या पियानोलाला ही काळजी नव्हती. एडविन व्होटी यांनी 1895 मध्ये डेट्रॉइटमध्ये बनवलेला पियानोला म्हणजे पियानोसमोर सरकवून ठेवायचं एक लाकडी कपाटच होतं. पायाने भाता मारायचा, भोकं पाडलेला कागद सरकायचा आणि हवेच्या ओढीने लाकडी बोटं पट्ट्या दाबायची. मुलांच्या हातून फाटून फाटून काय, तर कागद फाटणार. 1970च्या दशकाच्या अखेरीस हवेची जागा विजेने घ्यायला सुरुवात केली. जपानच्या यामाहा कंपनीचा डिस्क्लाविअर हे अशा विजेवरच्या पियानोचं आज सर्वांत परिचित रूप.

यात प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाखाली तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं, सोलेनॉइड. त्यातून वीज गेली की आतला दांडा उसळून पट्टीचं मागचं टोक वर उचलतो आणि पुढचं टोक आपोआप दबतं. अशी 88 वेटोळी. सूर हळुवार हवा की ठसठशीत, हे वीज किती सोडली यावर ठरतं. वाजवलेलं नोंदवून ठेवायला प्रकाशाचे संवेदक असतात. एका बाजूला चिमुकला दिवा, समोर प्रकाश ओळखणारा घटक आणि मधल्या फटीतून जाणारं पातळ पातं. पट्टी जेमतेम 10 मिलिमीटर खाली जाते. तेवढ्या अवधीत पात्याने प्रकाश किती वेगाने अडवला, यावरून स्वराचं बळ मोजलं जातं.

पियानो स्वतः वाजत असताना मुलाने पट्टी घट्ट धरून ठेवली तर वेटोळं जळेल, अशी धास्ती अनेक पालकांना असते. ती समजण्यासारखी आहे, कारण मिक्सर अडकला की मोटर जळते हे घरोघरी ठाऊक आहे. अडकलेली मोटर जादा वीज खेचते, हे खरंच. पण एकदिश विजेवरच्या सोलेनॉइडचं तसं नाही. त्यातून किती वीज वाहायची हे तारेच्या रोधावर ठरतं, दांडा हलला काय किंवा अडला काय. सूर चुकेल, पण लगेच धूर निघणार नाही. म्हणून पट्ट्यांना कुलूप घालून मुलाला वाद्यापासून तोडू नये, असं मला मनापासून वाटतं. पट्ट्या हाताळण्यासाठीच आहेत. जपायचं ते त्यांच्या खाली.

खरा शत्रू दूध आणि सरबत. पट्ट्यांच्या फटींतून गळलेला थेंब आधी लाकूड आणि नमद्याचे तुकडे फुगवतो, मग संवेदकांवर आणि सर्किटवर उतरतो. सर्किटवरच्या शेजारच्या दोन तांब्याच्या रेघांमधलं अंतर कित्येकदा एक मिलिमीटरही नसतं. दुधातले क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे ते वीज वाहून नेतं. साखर तो ओलावा चिकट करून जागेवर धरून ठेवते. वीज चालू असली तर धन बाजूच्या रेघेतलं तांबं विरघळून ऋण बाजूकडे सरकतं आणि तिथे झाडाच्या फांद्यांसारखे सूक्ष्म धागे वाढू लागतात. धागा पलीकडे पोचला की शॉर्ट सर्किट! वीज नसेल तर ही वाढ होत नाही. म्हणून काही सांडलं की फडकं शोधण्याआधी भिंतीवरून वीज तोडायची. रिमोटने बंद केलेल्या पियानोतली नियंत्रणपेटी जागीच असते, त्यामुळे रिमोट पुरेसा नाही. अमेरिका-जपानमध्ये सॉकेटला सहसा बटण नसतं, तिथे प्लगच उपसावा लागतो. मग वरवरचं टिपून घ्यावं आणि तंत्रज्ञाला बोलवावं. ‘चालतोय का बघू’ म्हणून पुन्हा सुरू करू नये. हेअर ड्रायरही नको, उष्णतेने लाकूड वाकतं.

जुन्या मॉडेलांमधली फ्लॉपीची फट मुलांना नाणी टाकण्यासाठीच केलेली वाटते. ती झाकावी, पण अख्खी पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. वीज दुप्पट झाली की वेटोळ्यातली उष्णता चौपट होते. जोरकस संगीत तासभर चाललं की आतला डबा चांगलाच तापतो आणि त्याला वारा लागतोच. भोकाभोकांची लाकडी किंवा पत्र्याची पेटी बरी. बाहेर आलेल्या यूएसबीच्या पिनेला मूल लोंबकळलं तर सारा भार सर्किटवरच्या झाळलेल्या सांध्यावर येतो. काटकोनी पिन लावावी आणि तार सैल वळसा देऊन पियानोच्या पायाला बांधावी, म्हणजे हिसका पाय सोसतो.

काही रिमोटमध्ये नाण्याच्या आकाराची लिथियमची बॅटरी असते. इथे पियानोची नाही, मुलाची काळजी करायची. 20 मिलिमीटरची ही चकती अन्ननलिकेत अडकली तर ओलाव्यातून वीज वाहते, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होतो आणि दोन तासांतच खोल जखम होऊ शकते. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट रुग्णालय गाठावं. झाकणाला स्क्रू नसलेला असा रिमोट मुलांच्या घरात ठेवूच नये. पेडलही आपोआप खालीवर होतात, त्यामुळे मूल पियानोखाली असताना वादन सुरू करू नये.

परदेशातून परतणारी मराठी कुटुंबं पियानो सोबत आणतात तेव्हा आणखी एक वस्तू वाढते. अमेरिकेतली वीज 120 व्होल्ट, जपानमधली 100, आपली 230. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो बहुतेकदा पियानोच्या मागे जमिनीवरच पडलेला असतो, तापलेला, दोन्हीकडे प्लग असलेला. तो मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, जाळीच्या दाराच्या कपाटात ठेवावा. अर्थिंग तपासून घ्यावं आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.