ट्रॅक्टर दारात, ट्रॉली रस्त्यावर! चोरी टाळायची तर कुलूप नेमकं कुठं लावायचं?

सातारा/सांगली : कारखान्याचा हंगाम संपला की आपल्या भागात गावोगावी एकच चित्र दिसतं. ट्रॅक्टर दारात, चावी घरात खुंटीला आणि ट्रॉली मात्र बांधावर, ओढ्याकडेला नाहीतर रस्त्याच्या कडेला सोडलेली. दारात जागा नसते, वळवायला अडचण होते, म्हणून ती लांबच राहते. चोराला हेच पाहिजे असतं.

ट्रॅक्टरला चावी आहे, ट्रॉलीला नाही. दुसरा ट्रॅक्टर आणायचा, ट्रॉलीच्या दांडीची कडी हुकात बसवायची, पिन टाकायची आणि निघायचं. दोन-चार मिनिटांचं काम. ऊसपट्ट्यात रात्री-अपरात्री ट्रॅक्टर-ट्रॉली दिसली तर कोणी वळूनही बघत नाही. कराड, वाळवा भागातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, जतच्या पलीकडं कर्नाटकची हद्द लागते. मालकाला सकाळी कळेपर्यंत ट्रॉली जिल्ह्याबाहेर गेलेली असू शकते. पुढं रंग बदलतो, नंबर घासला जातो.

नवी ट्रॉली घ्यायची तर लाखाच्या पुढंच पैसे लागतात. कर्ज काढून घेतलेली असेल तर ट्रॉली गेली तरी हप्ता थांबत नाही. कारखान्याशी ऊस वाहतुकीचा करार असेल तर हंगामच अंगावर येतो. त्यामानानं कुलूप आणि साखळीचा खर्च काहीच नाही.

पहिलं कुलूप कडीला

परदेशात लोक गाडीला जोडून न्यायची फिरती घरं वापरतात, त्यांना कॅरॅव्हॅन म्हणतात. त्यांनाही इंजिन नसतं, म्हणून त्यांचीही अशीच चोरी होते. तिथं लोक दोन कुलपं लावतात. एक जोडायच्या जागी, दुसरं चाकाला. आपल्या ट्रॉलीलाही हाच हिशोब लागू पडतो.

दांडीच्या टोकाच्या कडीत पिन जाऊ शकली नाही तर ट्रॉली ओढता येत नाही. गावातल्या वेल्डरकडून कडीच्या भोकात घट्ट बसेल असा जाड बोल्ट करून घ्या. वर-खाली जाड पट्टी येऊ द्या आणि बोल्टच्या टोकाला कुलपासाठी भोक पाडून घ्या. बोल्ट सैल नको, नाहीतर पहार घालून उचकटता येतो. कुलूप घेताना शटरला लावतात तसलं गोल, चपटं कुलूप बघा. त्याची दांडी आत लपलेली असते, कटरला धरायला जागा मिळत नाही. पेटीचं स्वस्त कुलूप हातोड्याच्या एका दणक्यात उघडतं.

एवढ्यावर थांबू नका. दोर किंवा साखळी दांडीला बांधूनही ट्रॉली ओढून नेता येते.

दुसरं कुलूप चाकाला

चाकाच्या डिस्कला भोकं असतात. त्यातून जाड साखळी घालून ती चासीभोवती फिरवा आणि कुलूप लावा. चाक फिरलंच नाही तर ट्रॉली पळवता येत नाही. साखळी कडक पोलादाची घ्या. साधी साखळी मोठ्या कटरनं सहज तुटते. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीचा आधार मिळाला की घाव घालणं आणि कटर दाबणं सोपं जातं. साखळी ताणून आणि उंच ठेवा.

ट्रॉली बरेच महिने उभी राहणार असेल तर एक्सलखाली भक्कम आधार देऊन चाकंच काढून घरात ठेवा. टायरही उन्हापासून वाचतात.

चिखल आणि पाचटानं कुलूप जाम होतं. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्यावर झाकण करा. आत थोडं तेल सोडा, ग्रीस भरू नका, त्याला धूळ चिकटते. एक काळजी मात्र घ्या. साखळी लावली की ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला लाल फडकं बांधा. विसरून ओढली तर आपलंच नुकसान.

बॅटरीवरचा ग्राइंडर आणला तर कुठलंही कुलूप कधी ना कधी तुटतं, हे खरं आहे. पण त्याला वेळ लागतो आणि आवाज होतो. म्हणून ट्रॉली वस्तीजवळ, उजेडात, तोंड भिंतीकडं करून उभी करा. लांब शेतात दोन कुलपं लावण्यापेक्षा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर दोन कुलपं लावलेली बरी.

रंग जातो, खूण राहते

मागच्या फळीवर रंगवलेलं नाव चोर एका दिवसात पुसतो. म्हणून चासीवर, फळीच्या खाली, एक्सलजवळ अशा तीन-चार लपलेल्या जागी मोबाइल नंबर किंवा आडनाव वेल्डिंगनं उठवून घ्या. त्याचे आणि पूर्ण ट्रॉलीचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलरही वाहनातच मोडतो. ट्रॉलीचं आरसी बुक वेगळं असतं. नंबर सातारा आरटीओचा असेल तर एमएच ११, कराडचा एमएच ५०, सांगलीचा एमएच १०. पासिंग नसलेली ट्रॉली सापडली तरी ती आपलीच आहे हे सिद्ध करताना दमछाक होते.

विम्याचंही बघा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीची नोंद आहे का, हे एजंटला तोंडी विचारू नका, कागदावर वाचा.

चोरी झालीच तर

आधी ११२ ला फोन करा आणि गावच्या ग्रुपवर फोटो टाका. दोन दिवस शोधाशोध करत बसू नका, त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआर करा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. चोरीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. हद्द आमची नाही असं सांगून कोणी परत पाठवू शकत नाही, कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. फिर्याद घेतली नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टानं पाठवता येतो.

विमा कंपनी आणि बँकेलाही लगेच कळवा. एका ट्रॅक्टर चोरीच्या प्रकरणात मालकानं फिर्याद त्याच दिवशी दिली होती, पण विमा कंपनीला उशिरा कळवलं होतं. जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की फिर्याद वेळेत दिली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येत नाही. म्हणजे पोलीस ठाण्यातली तारीख सगळ्यात महत्त्वाची.

स्वस्तात ट्रॉली मिळतेय?

चोरीची ट्रॉली शेवटी कुणीतरी शेतकरीच विकत घेतो. आरसी नाही, नंबर घासलेला, ताजा रंग आणि भाव निम्मा, असा सौदा आला तर हात आखडा. चोरीचा माल माहीत असून घेणं हा कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पोलीस आले की ट्रॉलीही जाते आणि पैसेही. आपण घेणं बंद केलं तर चोरालाही गिऱ्हाईक राहणार नाही.

आज संध्याकाळी आपली ट्रॉली कुठं उभी आहे, तिला काय लावलंय, एवढं एकदा जाऊन बघून या.