घरांचे भाव उतरलेत म्हणे, मग आता घ्यायचं का?



अलीकडे आमच्या प्रभागातल्या गटांच्या बैठकीत एक विषय वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा येतो आहे. कुणाचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, कुणाचा जावई हडपसरला टेम्पो चालवतो. तिकडून फोन येतो, "आई, इथं फ्लॅटचे भाव उतरलेत. आत्ता घेतला तर घेतला, नाहीतर पुन्हा चढतील. तुझ्याकडनं किती होतील?" मग ती बाई गटाच्या अंतर्गत कर्जाचा अर्ज घेऊन येते, नाहीतर पाटल्या मोडायचं बोलते. एकदोघींच्या घरात रान विकायचीही भाषा सुरू झाली आहे. म्हणून आज घराच्या भावाबद्दल बोलायचं आम्ही ठरवलं. घर शहरात होणार असलं तरी त्यातले पहिले पैसे बऱ्याचदा गावातून, आणि बाईच्या गाठीतून जातात.

आधी भाव उतरणं म्हणजे काय ते बघू. कांद्याचा भाव उतरला की आपल्याला त्याच दिवशी कळतं. बाजार समितीत लिलाव होतो, पट्टी हातात येते. घराला अशी पट्टी नाही. मागणी कमी झाली तरी बिल्डर छापील दर सहसा खाली आणत नाही, कारण आधी घेतलेली गिऱ्हाइकं भांडायला येतील. तो दर तोच ठेवतो आणि वर काहीतरी देतो. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या फुकट, पार्किंग फुकट, मुद्रांक शुल्क आम्ही भरू, अशा पाट्या लागल्या की समजायचं, माल पडून आहे. जुनं घर विकणारा तर जास्तच अडून बसतो. त्याने ज्या भावाला घेतलं त्याच्या खाली यायला त्याचं मन धजत नाही. त्यामुळे घरांचे भाव कांद्यासारखे एका दिवसात कोसळत नाहीत, वर्षानुवर्षं एका जागी बसून राहतात.

आणि बसून राहणं हेही उतरणंच आहे. २५ लाखांचा फ्लॅट पाच वर्षांनी २५ लाखांलाच विकला गेला आणि तेवढ्या काळात बाकीची महागाई वर्षाला पाच टक्क्यांनी वाढली, तर त्या २५ लाखांची किंमत आधीच्या साडेएकोणीस लाखांएवढीच राहिली. नोटाबंदी २०१६ ची, रेरा कायद्याची पूर्ण अंमलबजावणी आणि जीएसटी २०१७ चे. त्यानंतरची काही वर्षं पुण्या-मुंबईत बऱ्याच ठिकाणी घरांचे दर असेच रेंगाळले होते. मग कोरोना आला. सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणलं, पुढचे तीन महिने तीन टक्के ठेवलं. तेव्हा नोंदणी कार्यालयांपुढे रांगा लागल्या. म्हणजे दराचा आकडा न हलताही घर घेणाऱ्याला स्वस्त पडू शकतं. तेव्हा "भाव उतरलेत" असं कुणी म्हणालं की आमचा पहिला प्रश्न असा, की कुठल्या भागात, कुठल्या इमारतीत, आणि खरंच नोंदणी झालेल्या व्यवहारात का फक्त बोलण्यात? नोंदणी झालेल्या व्यवहाराची रक्कम सूची क्रमांक दोनच्या उताऱ्यावर असते आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. मुलाला सांगा, त्याच इमारतीतले किंवा शेजारचे दोन-तीन ताजे व्यवहार काढ. दलालाच्या तोंडच्या भावापेक्षा तो कागद बरा.

आता मुख्य गोष्ट. भाव पडला तर तो कोणाच्या पैशावर पडतो?

समजा फ्लॅट २५ लाखांचा. बँकेने २० लाख दिले, ५ लाख घरातून घातले. त्या पाचात आईच्या पाटल्या, गटाची बचत, एखादी म्हैस विकून आलेले पैसे. दोन वर्षांनी मुलाची नोकरी गेली आणि घर विकायची वेळ आली. तोवर भाव पाचवा हिस्सा उतरलेला. घर २० लाखांना गेलं. दोन वर्षांच्या हप्त्यांनी मुद्दल थोडंसंच फिटलेलं असतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यात व्याजच जास्त. बँक आपले पैसे घेऊन मोकळी होते. घराची किंमत २० टक्के पडली, पण घरचे पाच लाख जवळजवळ सगळेच गेले. भाव पडतो तेव्हा आधी आपले पैसे जातात, बँकेचे नंतर. पडझड त्याहून मोठी झाली तर घर विकूनही कर्ज उरतं. अमेरिकेत २००६ नंतर नेमकं हेच झालं. तिथे घरांचे भाव सहा वर्षांत देशभर सरासरी पावपटीहून जास्त उतरले, लाखो कुटुंबांची घरं बँकांनी ताब्यात घेतली. तिथल्या लोकांनाही घराचा भाव कधी पडत नाही असंच सांगितलं गेलं होतं.

ज्याला घर विकायची पाळीच येत नाही, त्याला मधल्या पडझडीने फारसं बिघडत नाही. तो राहतो, हप्ते भरतो. म्हणून भाव तळाला गेला का हे ओळखण्यापेक्षा आपल्याला ते घर किती वर्षं धरून ठेवता येईल, हे ओळखणं जास्त कामाचं. तळ कुणालाच आधी दिसत नाही, भाव वर चढल्यावरच तो तळ होता हे कळतं. घर घेण्याचा खर्चही विसरू नका. पुण्यात मुद्रांक शुल्क, उपकर आणि नोंदणी फी मिळून २५ लाखांच्या घरावर दोन लाखांच्या आसपास जातात आणि घर विकताना ते परत मिळत नाहीत. कामाचा ठिकाणा पक्का नाही, कंपनी कंत्राटी आहे, तीन-चार वर्षांत गाव बदलू शकतं, अशा मुलाने भाव कितीही उतरले तरी घर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

"पण भाडं म्हणजे फुकट गेलेले पैसे," असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. हिशोब मांडून बघू. त्याच फ्लॅटचं भाडं महिना ८ हजार धरा, वर्षाचे ९६ हजार. आता २० लाखांचं कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो १७ हजार ३५६ रुपये. पहिल्या वर्षी भरलेल्या दोन लाख आठ हजारांपैकी एक लाख अडुसष्ट हजारांहून जास्त व्याजातच जातात, मुद्दल फिटतं ४० हजारांपेक्षाही कमी. म्हणजे भाडं जर फुकट गेलं, तर व्याजही तितकंच फुकट गेलं, आणि ते भाड्यापेक्षा जास्त. भाव वाढत असतील तर ती तूट भरून निघते. भाव थांबलेले किंवा उतरत असतील तेव्हा एक-दोन वर्षं भाड्याने राहून, हप्ता आणि भाडं यांतला फरक दर महिन्याला बाजूला टाकला तर नुकसान होत नाही, उलट घरातून घालायची रक्कम मोठी होते. अट एकच, तो फरक खरंच बाजूला पडला पाहिजे. मोबाइलच्या हप्त्यात गेला तर थांबण्याला अर्थ नाही.

अशी साठवण झाली की मुदतही कमी करता येते. तेच कर्ज १५ वर्षांचं घेतलं तर हप्ता साधारण १९ हजार ७०० होतो. महिन्याला सव्वादोन-अडीच हजार जास्त, पण एकूण सहा लाखांच्या वर व्याज वाचतं. बदलत्या व्याजदराचं घरकर्ज आधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बोनस आला, भिशी लागली, तर मुद्दलात भरावं.

व्याजाचा दर बदलतो हेही मुलाला विचारा, त्याने धरलंय का ते. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ एवढ्यात ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने खाली आला. दर वाढला तेव्हा कित्येकांचा हप्ता तोच राहिला, पण मुदत काही वर्षांनी लांबली, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. आजचा हप्ता घरात येणाऱ्या पक्क्या कमाईच्या तिसऱ्या हिश्श्यात बसत असेल आणि सहा हप्त्यांचे पैसे वेगळे ठेवलेले असतील, तर असा धक्का सोसतो. ओव्हरटाइम ही पक्की कमाई नव्हे.

आता गटाच्या पैशाचं. अंतर्गत कर्ज शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के. शेळीपालनाला, दुकानात माल भरायला, दवाखान्याला ते परवडतं, कारण पैसा लवकर फिरतो किंवा गरजच तशी असते. २४ टक्क्यांनी उचलून, भाव एका जागी बसलेल्या फ्लॅटमध्ये घालणं म्हणजे दोन्हीकडून खड्डा. शिवाय बँकेचा हप्ता चालू झाला की गटाचा हप्ता थकतो आणि बाकीच्या नऊ जणींची पत जाते. घराच्या सुरुवातीच्या रकमेसाठी गटाचं कर्ज देऊ नये, असं आम्ही गटांना सांगतो. कुणाला राग येतो, येऊ द्या.

रानाचं तर त्याहून जपून. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. नावावरचं सगळं रान विकून फ्लॅट घेतला, तर उद्या परत चार गुंठे घेताना शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणणार? तुकडा विकायचाच असेल तर थोडं तरी नावावर राहू द्या.

इतकं पाहूनही घ्यायचं ठरलं, तर मंदी ही भाव करायची वेळ आहे. आपण बाजारात भाजीला भाव करतो आणि घराला लाजतो. फुकट ट्रॉल्या नकोत, तेवढी रक्कम दरातून कमी करा म्हणावं. दर चटई क्षेत्रावर, म्हणजे घरात प्रत्यक्ष पाय ठेवता येतो त्या जागेवर विचारावा. मंदीत बिल्डर अडचणीत आला तर काम थांबतं, म्हणून अर्धवट इमारतीतल्या स्वस्त घरापेक्षा भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर बरं. त्यावर जीएसटीही लागत नाही. चालू बांधकामातच घ्यायचं असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक तपासा, आणि करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. कायद्याने बिल्डरला तेवढीच घेता येते. बँकेच्या लिलावातलं स्वस्त घर कुणी सुचवलं तर त्याची थकलेली पट्टी, आत राहणारी माणसं, चालू असलेला दावा, हे सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात पडू शकतं हे ध्यानात असू द्या.

मंदीत एक चमत्कारिक गोष्ट घडते. आपण घासाघीस करून घर स्वस्तात घेतो, पण मुद्रांक शुल्क मात्र व्यवहाराची रक्कम आणि सरकारी बाजारमूल्य यांतल्या जास्त आकड्यावर लागतं. ते बाजारमूल्य सरकार वार्षिक दर तक्त्यात ठरवतं, त्यालाच रेडी रेकनर म्हणतात. बाजार उतरला म्हणून तो तक्ता लगेच उतरत नाही. तेव्हा सौदा करायच्या आधी त्या भागाचा तक्ता बघून घ्यावा.

आणि नाव. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. २५ लाखांवर २५ हजार वाचतात. खरेदीखतात घेणारी फक्त बाई किंवा बायाच असतील तरच ती मिळते, पुरुषाचं नाव जोडलं की गेली. बँक मात्र कमावत्या माणसाला कर्जात घेतेच, त्याला हरकत नाही. कर्जाच्या कागदावरची सही आणि खरेदीखतावरचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्याकडे आलेल्या काही मावशींच्या बाबतीत हेच उलटं झालेलं दिसलं. मुलाची कमाई कमी पडते म्हणून आईला सहकर्जदार किंवा जामीन केलेलं, अंगठा किंवा सही बँकेत झालेली, आणि घर मात्र एकट्या मुलाच्या नावावर. हप्ते थकले तर नोटीस आईलाही येणार, पण घरावर तिचा कागदोपत्री काही हक्क नाही. म्हणून बँकेत सही करायच्या आधी खरेदीखताचा मसुदा मागा आणि कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. मुलगा-सून चिडणार नाहीत, आणि चिडले तरी कागद वाचायचाच. नोंदणी झाल्यावर सूची क्रमांक दोनची प्रत घ्या, घेणाराच्या रकान्यात आपलं नाव आहे का ते बघा, आणि ती प्रत गटाच्या पासबुकाबरोबर आपल्याच पेटीत ठेवा.