तीन डिस्क, एक कोठी

कामरगावहून बोलतेय. आजचा विषय संगणकाच्या हार्ड डिस्कचा आहे. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका, आपल्या गटांच्या नोंदी आता तिच्यातच राहतात.

हार्ड डिस्क म्हणजे संगणकाची कोठी. आमच्या कार्यालयातली कोठी भरत आली होती. बैठकांचे फोटो, ठरावाच्या वह्यांच्या स्कॅन प्रती, आणि सगळ्यात जास्त जागा खाणारी रेकॉर्डिंगं. चांगल्या प्रतीचं एक तासाचं रेकॉर्डिंग 600 एमबीच्या वर जातं. दुरुस्तीवाल्या दादांनी सुचवलं, "नवी मोठी कशाला घेता? जुन्या दोन पडून आहेत, एक नवी घ्या, तिन्ही जोडून देतो." 1 टीबी, 1 टीबी आणि 2 टीबी. संगणकात एकच 4 टीबीची डिस्क दिसू लागली. आम्ही खूश.

वर्षभरात जुन्यांपैकी एक बंद पडली आणि तिन्हींतलं सगळंच दिसेनासं झालं. कर्जाच्या नोंदी पुन्हा लिहिता आल्या, कारण प्रत्येकीचं पासबुक घरी होतं. पण गटातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या मी स्वतः रेकॉर्ड केल्या होत्या, त्या गेल्या. आजीही आता नाहीत.

असं का झालं, ते मी नंतर समजून घेतलं. तीन कोठ्यांमधल्या भिंती काढल्या तर जागा एक होते, पण कोणती फाइल कुठे ठेवली याची यादीही सगळ्यांची मिळून एकच असते. एक कोठी गेली की यादी तुटते आणि संगणक बाकीच्याही उघडत नाही. जाणकाराकडे नेलं तर कधी थोडंफार निघतं, पण खर्च मोठा. जोडण्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यात प्रत्येक फाइलचे तुकडे करून सगळ्या डिस्कवर वाटतात. काम झपाट्याने होतं, पण एक डिस्क गेली की मोठी फाइल एकही अखंड उरत नाही.

आणि धोका वाढतो, तो असा. समजा एक डिस्क वर्षात बिघडण्याची शक्यता 100 मध्ये 3 आहे. तीन जोडल्या की त्यातली एखादी बिघडण्याची शक्यता जवळपास 9 होते. गटात एकीचा हप्ता थकला तर बाकीच्या सांभाळून घेतात. इथे सांभाळून घेणारं कोणी नव्हतं.

तशी सोय करता येते. 1988 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी एक लेख लिहिला. त्यातून 'रेड' हे नाव रूढ झालं. मोठ्या महाग डिस्कऐवजी लहान स्वस्त डिस्क एकत्र करा, पण एखादी बिघडणारच हे आधीच धरून चाला, असा तो विचार. साधा मार्ग म्हणजे जुळी प्रत: 2 टीबीच्या दोन डिस्क, दोन्हींवर तेच, वापरायला जागा 2 टीबीच. दुसरा मार्ग बेरजेचा. एका डिस्कवर 7, दुसरीवर 5, तिसरीवर बेरीज 12. सात असलेली गेली तर बारातून पाच वजा करा, सात परत मिळाले. संगणकाची रीत जरा वेगळी असते, पण तत्त्व हेच. यात 2 टीबीच्या तीन डिस्कमधून 4 टीबी वापरता येतात. एक बिघडली तरी काम चालतं, मात्र तिच्या जागी लगेच नवी बसवावी लागते. त्याआधी दुसरी गेली तर सगळं संपलं.

जोडणी करताना डिस्क बहुतेक वेळा पुसल्या जातात. म्हणून आधी आतला माल दुसरीकडे काढून ठेवा. आणि दुरुस्तीवाल्यांना एकच विचारा: "दादा, यातली एक गेली तर काय उरेल?" आम्ही हे विचारलंच नव्हतं, त्यामुळे सगळा दोष मी त्यांच्यावर टाकत नाही.

जुळी प्रत असली तरी वेगळी नक्कल लागतेच. चुकून फाइल पुसली तर ती दोन्हीकडून पुसली जाते. वीज पडली किंवा चोरी झाली तर दोन्ही एकदमच जातात. आमची नकलेची डिस्क आता अध्यक्षताईंच्या घरी कपाटात असते. महिन्याच्या बैठकीला ती पिशवीतून येते, तिच्यावर नक्कल होते, मग इतिवृत्त वाचायला घेतो.